ओळख परेडीला बोलावलंय: ‘यांत तो नाही’ हेही उत्तरच आहे

पत्र:

“डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी सव्वासहाला मी आणि माझी जाऊ फिरायला निघालो होतो. मागून मोटारसायकल आली, मागे बसलेल्याने जावेच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं आणि दोघे पसार झाले. जाताना मागच्याने वळून पाहिलं, तेव्हा मला त्याचा चेहरा दिसला. डोक्यावर टोपी होती. त्याच दिवशी पोलिसांनी आमचे जबाब घेतले. आता महिन्याभराने ठाण्यातून फोन आला, ‘मुलगा सापडलाय, ओळख परेडीला जेलमध्ये यायचंय.’ मधल्या काळात पुतण्याने मला सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक फोटो दाखवला. पोलिसांच्या गाडीपाशी बसवलेला एक मुलगा आणि खाली लिहिलेलं, ‘हाच तो साखळीचोर’. तेव्हापासून डोळे मिटले की तोच चेहरा समोर येतो. जाऊ म्हणते, तू पाहिलंस, तुलाच ओळखावं लागणार. मी ६१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. चुकून भलत्याच पोराला अडकवेन अशी भीती वाटते, आणि खरा चोर सुटला तर जावेला काय तोंड दाखवू, हेही मनात येतं. आत नेमकं काय होतं? तो मला बघेल का? फोटोचं कुणाला सांगू की गप्प बसू?”
– एक वाचक, नाशिक

ताई, नमस्कार.

ओळख परेड म्हणजे संशयिताला इतर माणसांबरोबर रांगेत उभं करून साक्षीदाराला ओळखायला सांगणं. ती कशी होते ते पुढे सांगतो. आधी फोटोचं बोलू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोठी गोष्ट तीच आहे. गप्प बसू नका. परेडीच्या आधी तपासी अंमलदारांना सांगा आणि परेडीच्या दिवशी दंडाधिकाऱ्यांना पुन्हा सांगा. फोटो साधारण कोणत्या तारखेला पाहिला, कोणी दाखवला, खाली काय लिहिलं होतं आणि तो किती वेळा पाहिलात, एवढं सगळं सांगा. ‘हे लिहून घ्या’ असंही म्हणा. मधल्या काळात आरोपी किंवा त्याचा फोटो तुमच्या पाहण्यात आला का, हा प्रश्न परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याने साक्षीदाराला विचारायचाच असतो. त्यावर तुम्ही ‘नाही’ म्हणालात आणि उद्या उलटतपासणीत ग्रुपवरचा मेसेज निघाला, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. पुतण्याला सांगा, मेसेज डिलीट करू नकोस, तारीख-वेळेसकट राहू दे. तुम्ही मात्र तो पुन्हा उघडू नका. खात्री करून घेण्यासाठीसुद्धा नाही.

डोळे मिटले की दिसतो तो चेहरा रस्त्यावरचा की मोबाइलवरचा, हे आतून कळत नाही. यात वयाचा दोष नाही, विशीतल्या पोरांचंही असंच होतं. चेहरा ओळखीचा वाटणं हे एक काम आणि तो कुठे पाहिला हे आठवणं हे दुसरं. पहिलं चटकन होतं आणि बरेच दिवस टिकतं, दुसरं लवकर पुसट होतं. मग ओळखीचा वाटणारा चेहरा मन सोयीच्या जागी नेऊन बसवतं. ऑस्ट्रेलियात डोनाल्ड थॉमसन नावाच्या मानसशास्त्रज्ञावर एका स्त्रीने बलात्काराचा आरोप केला. तिने त्याला नेमकं ओळखलं होतं. पण हल्ला झाला त्या वेळी थॉमसन टीव्हीवरच्या थेट कार्यक्रमात बसलेले होते आणि तिच्या घरात तोच कार्यक्रम चालू होता. ती बाई खोटं बोलत नव्हती. चेहरा तिने पाहिलाच होता, फक्त दुसऱ्या ठिकाणी.

याहून जड किंमत मोजलेलं प्रकरण अमेरिकेतलं, नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टनचं. १९८४ च्या जुलैत जेनिफर थॉम्पसन या विद्यार्थिनीवर घरात घुसून अत्याचार झाला. वाचले तर याला ओळखायचंच, असं ठरवून तिने त्याचा चेहरा मुद्दाम निरखला होता. म्हणजे साक्षीदार हुशार, प्रामाणिक आणि चेहरा पाहायला पुरेसा वेळ मिळालेली. पोलिसांनी तिच्यासमोर सहा फोटो ठेवले. ती काही मिनिटं ते पाहत राहिली आणि अखेर रोनाल्ड कॉटन या तरुणाच्या फोटोवर बोट ठेवलं. ‘छान केलंस’ अशा अर्थाची शाबासकीही तिला मिळाली. काही दिवसांनी प्रत्यक्ष माणसांची रांग दाखवली. फोटोंत आणि रांगेत दोन्हीकडे असलेला माणूस एकच, कॉटन. तिथे ती दोघांत घुटमळली आणि मग कॉटनलाच निवडलं. तुम्ही फोटोत निवडलेला तोच हा, हेही तिला सांगण्यात आलं. कोर्टात उभी राहिली तोवर तिच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. १९८७ च्या फेरसुनावणीत खरा गुन्हेगार बॉबी पूल तिच्यासमोर आणून उभा केला, तर तिने त्याला ओळखलं नाही. त्याच्या चेहऱ्याच्या जागी तोवर कॉटनचा चेहरा पक्का बसला होता. दहा वर्षांहून जास्त तुरुंगवास भोगल्यावर १९९५ मध्ये डीएनए चाचणीने कॉटन सुटला. ही एकटीदुकटी घटना नाही. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्या साडेतीनशेहून जास्त प्रकरणांपैकी सुमारे ६९ टक्क्यांत साक्षीदाराने केलेली चुकीची ओळख हे एक कारण होतं.

म्हणून परेडीला जाण्याआधी एक काम करा. शांत बसून कागदावर, तारीख घालून, त्या चेहऱ्याबद्दल आठवतं ते लिहा. मग प्रत्येक गोष्टीपुढे स्वतःला विचारा, हे मी पहिल्या दिवशीच्या जबाबात सांगितलं होतं का? समजा, त्या दिवशी तुम्ही ‘पंचविशीतला, सावळा, काळी टोपी, दाढी नाही’ एवढंच सांगितलं असेल आणि आज तुम्हाला भुवईवरची खूण, पुढे आलेले दात, कानातली बाळी असं सगळं दिसत असेल, तर ही भर फोटोतून आली असण्याचा संभव फार मोठा आहे. आठवण आपोआप अशी भरत जात नाही, काळाबरोबर ती विरत जाते. जी गोष्ट फोटोनंतर आली असं वाटतं तिच्यापुढे तसं स्पष्ट लिहा. हा कागद तुमच्यासाठी आहे. परेडीत तो समोर धरून बोलायचं नाही.

फोटो पाहिल्याचं सांगितलं तर केस पडेल का? तुमच्या ओळखीचं वजन कमी होईल, हे खरं. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली म्हटलं की साक्षीदारांना आरोपी आधीच दाखवलेला असेल तर नंतरच्या ओळखीला अर्थ उरत नाही. पण साखळीचोरीची केस एका चेहऱ्यावर उभी नसते आणि नसावी. मोटारसायकलचा नंबर, चौकातलं सीसीटीव्ही, मोबाइलचं लोकेशन हे असतं, आणि सगळ्यांत मोलाचा मुद्देमाल. आरोपीने दिलेल्या माहितीवरून मंगळसूत्र हस्तगत झालं, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ खाली तो पुरावा चालतो. तिथे जावेचं काम तुमच्यापेक्षा मोठं आहे. दागिन्याचीही ओळख असते, तसेच दोन-चार दागिने मिसळून त्यांतला आपला ओळखायचा. वाट्या कशा होत्या, एखादी चेपलेली होती का, काळे मणी सोन्याच्या तारेत ओवलेले की दोऱ्यात, कडी कधी सोनाराकडून बदलली होती का, सोनाराचा शिक्का कुठे होता, हे जावेने आत्ताच लिहून ठेवावं. पावती आणि मंगळसूत्र घातलेला एखाद्या लग्नातला जुना फोटो शोधून ठेवावा. तुमच्यावर टाकलेला भार खरं तर इथे वाटला जातो.

आता त्या दिवशी तुम्हाला किती दिसलं असेल ते पाहू. तुमच्यावर शंका म्हणून हे लिहीत नाही. स्वतःच्या आठवणीकडून किती मागायचं ते तुम्हाला ठरवता यावं, म्हणून लिहितो आहोत. डिसेंबरच्या मध्यात नाशिकला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सव्वासहाला अंधारच. उजेड असेल तो रस्त्यावरच्या दिव्याचा. पिवळा सोडियमचा दिवा असेल तर त्याखाली रंग नीट कळत नाहीत, निळा आणि काळा सारखेच वाटू शकतात. ताशी ३० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल सेकंदाला आठ मीटरहून जास्त पुढे जाते. ओढाओढीनंतर तीन सेकंदांनी तो वळला असेल तर तुमच्यात २५ मीटरचं अंतर पडलेलं. त्याआधीचे क्षण तुमची नजर जावेच्या गळ्याकडे गेली असणार, जाणारच. शिवाय टोपी. परक्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवताना आपण केस, कपाळ, डोक्याचा आकार यांवर जास्त भिस्त ठेवतो. डोळे-नाक-तोंड यांची बारीक ओळख घरच्या माणसांपुरती पक्की असते. टोपीने नेमकं ते वरचंच झाकलं होतं. आणि भीतीच्या क्षणी वेळ लांबल्यासारखी वाटते, काही सेकंदांचा प्रसंग माणसं मिनिटांत सांगतात. तुमचा चष्मा असेल तर तो त्या सकाळी डोळ्यांवर होता का, हे आठवा आणि विचारल्यावर खरं सांगा. परेडीला चष्मा न विसरता न्या.

जेलमध्ये काय होतं ते आता सांगतो. महाराष्ट्रात परेड पोलीस घेत नाहीत. कार्यकारी दंडाधिकारी घेतात, बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये त्याच्या सूचना आहेत. दोन स्वतंत्र पंच हजर असतात आणि पोलिसांनी खोलीबाहेर थांबायचं असतं. एक संशयित असेल तर त्याच्याबरोबर निदान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं, उभे करायचे, दोन असतील तर दहा-बारा, आणि एका परेडीत दोनहून जास्त संशयित घ्यायचे नाहीत. डमी वयाने, बांध्याने, रंगारूपाने संशयिताशी मिळतेजुळते हवेत. रांगेत कुठे उभं राहायचं हे संशयित स्वतः निवडतो, एका साक्षीदारानंतर जागा आणि कपडेही बदलू शकतो. चेहऱ्यावर व्रण असेल तर तो झाकतात, किंवा इतरांनाही त्याच जागी तशीच पट्टी लावतात. साक्षीदार एकेक करून आत जातात, आणि आत जाऊन आलेल्याने बाहेर थांबलेल्याला भेटायचं नसतं. तुम्ही आणि जाऊ वेगवेगळ्या खोल्यांत बसाल. तसं बसवलं नाही तर तुम्हीच मागून घ्या.

डमींचं महत्त्व साक्षीदारांना सहसा कुणी सांगत नाही. पहिल्या जबाबात तुम्ही ‘पंचविशीतला, सडपातळ’ म्हणाला असाल आणि रांगेत तसा एकच मुलगा, बाकी चाळिशीतले पोट सुटलेले, तर ती परेड नावापुरती. मानसशास्त्रज्ञ अशी रांग तपासण्यासाठी गुन्हा न पाहिलेल्या लोकांना फक्त वर्णन वाचायला देतात आणि विचारतात, यांतला कोण असेल? सहा जणांच्या रांगेत अंदाजाने सांगणाऱ्यांपैकी साधारण सहाव्या हिश्श्याने, म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास लोकांनी संशयिताकडे बोट दाखवायला हवं. निम्म्यांनी त्याच्याकडेच दाखवलं, तर ती रांग स्मरणशक्तीची परीक्षा घेतच नाही, वर्णन वाचूनही तिचं उत्तर देता येतं. आत गेल्यावर एकच जण वेगळा उठून दिसला, म्हणजे एकट्याची दाढी वाढलेली, एकट्याच्या पायात चप्पल नाही, एकटाच मान खाली घालून उभा असं काही, तर ते वेगळेपण म्हणजे ओळख पटणं नव्हे. ‘हा वेगळा दिसतो’ आणि ‘हा तोच आहे’ यांत गल्लत होऊ देऊ नका. रांगेतली माणसं अजिबात एकसारखी नव्हती असं वाटलं तर तेही दंडाधिकाऱ्यांना सांगता येतं.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही शिक्षिका होतात, म्हणून लगेच लक्षात येईल. बहुपर्यायी प्रश्नात ‘वरीलपैकी एकही नाही’ हा पर्याय छापलेला नसला की मुलं सगळ्यांत जवळचं वाटणाऱ्या उत्तरावर खूण करून मोकळी होतात. परेडीत साक्षीदार हेच करतो. एकेका चेहऱ्याला आपल्या आठवणीशी लावून पाहायचं सोडून तो चेहऱ्यांची आपसांत तुलना करतो आणि सगळ्यांत सारखा वाटतो त्याला निवडतो. खरा माणूस रांगेत असेल तर हे खपून जातं. तो नसेल तर सगळ्यांत सारखा दिसणारा निरपराध माणूस अडकतो. गॅरी वेल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये मांडलेला प्रयोग यावर आहे. लुटुपुटीचा गुन्हा २०० जणांना दाखवला. मग काहींना खऱ्या माणसासह सहा जणांची रांग दाखवली, तर ५४ टक्क्यांनी त्याला ओळखलं आणि २१ टक्क्यांनी कुणालाच निवडलं नाही. बाकीच्यांना तीच रांग दाखवली, फक्त खरा माणूस काढून घेऊन, त्याच्या जागी कुणालाही न आणता. खरं तर ते ५४ टक्के आता ‘यांत नाही’ म्हणायला हवे होते. पण कुणालाच न निवडणारे २१ वरून जेमतेम ३२ टक्क्यांवर गेले. बाकीचे सरळ दुसऱ्या माणसाकडे वळले.

यावर उपाय एका वाक्याचा आहे. दुसऱ्या एका जुन्या प्रयोगात, १९८१ च्या, रांगेत गुन्हेगार नसताना ‘तो यांत आहे’ असं सुचवलेल्या साक्षीदारांपैकी ७८ टक्क्यांनी कुणाला तरी निवडलं. ‘तो यांत असेल किंवा नसेल’ असं सांगितलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होतं. तुम्हाला ठाण्यातून ‘मुलगा सापडलाय’ असं सांगितलं गेलं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेल, पण ते वाक्य तुमच्या डोक्यातून काढायला हवं. पोलिसांना एकाचा संशय आहे, एवढंच तुम्हाला माहीत आहे. तो संशय चुकीचा असू शकतो, आणि तो तपासून पाहणं हेही परेडीचं काम आहे. आत पाऊल टाकण्याआधी मनात म्हणा, ‘तो यांत असेल किंवा नसेल.’ मग पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाकडे सावकाश पाहा आणि प्रत्येकापाशी एकच प्रश्न विचारा, त्या सकाळी वळून पाहणारा हा होता का? शेजारचा कसा दिसतो, हा विचारच नको. खरी ओळख पटते तेव्हा ती सहसा पटकन पटते. ‘हा नाही, तोही नाही, म्हणजे मग हा असेल’ अशी वजाबाकी सुरू झाल्याचं जाणवलं, तर थांबा. आठवण संपून तर्क सुरू झाल्याची ती खूण आहे.

आणि उत्तर देताना मनात जेवढी खात्री आहे तेवढीच शब्दांत उतरवा. ‘पूर्ण खात्री आहे, मागे बसलेला हाच’ हे एक उत्तर. ‘बराचसा तसा वाटतो, पण खात्रीने सांगता येत नाही’ हे दुसरं. तुमच्या बाबतीत एक तिसरंही संभवतं, ‘हा चेहरा ओळखीचा आहे, पण त्या सकाळी पाहिला की फोटोत, हे मला सांगता येत नाही.’ हे उत्तर द्यायला लागलं तर कचरू नका, कायद्याला आणि त्या मुलाला दोघांनाही त्याची गरज आहे. आणि ‘यांत तो नाही’ किंवा ‘मला ओळखता येत नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे, त्याबद्दल तुम्हाला कुणी दोष देऊ शकत नाही. तुमचे शब्द आहेत तसे नोंदवायला सांगा. ‘साक्षीदाराने ओळखले’ एवढ्यावर भागवू देऊ नका. नीट घेतलेल्या परेडीत साक्षीदाराने त्याच क्षणी सांगितलेली खात्री खूप काही सांगून जाते. कोर्टात वर्षा-दोन वर्षांनी दाखवलेल्या खात्रीवरून फार कळत नाही.

आणखी एक बारकावा. तुम्ही पाहिलंत ते मागे बसलेल्याला. गाडी चालवणारा रांगेत असला आणि ‘दोघे होते ना, दुसरा कोण?’ असा प्रश्न आला, तर चालवणाऱ्याचा चेहरा पाहिला नाही हे स्पष्ट सांगा. ओळखलेल्या माणसाने काय केलं, तेही त्याच दमात सांगायचं, ‘हा मागे बसला होता, यानेच ओढलं.’ कृत्याशिवायच्या ओळखीला कोर्टात फारसं वजन नसतं.

संशयित कोण हे दंडाधिकाऱ्यांना माहीत असतं, कारण त्याने कुठे उभं राहायचं निवडलं ते त्यांनीच नोंदवलेलं असतं. परेड घेणाऱ्यालाच संशयित ठाऊक नसावा असं संशोधक गेली अनेक वर्षं सांगत आहेत आणि आमच्या मते आपल्याकडेही ते व्हायला हवं. जाणूनबुजून कुणी इशारा करणार नाही, पण ‘नीट बघा बरं’ हे वाक्य कोणत्या क्षणी येतं, कुणापाशी नजर रेंगाळते, एवढंही पुरतं. तेव्हा रांगेकडे पाहत असताना अधिकाऱ्यांच्या किंवा पंचांच्या चेहऱ्याकडे पाहू नका. टोपीचा प्रश्न इथेच काढा. सगळ्यांना सारखी टोपी घालायला सांगता येईल का, असं विचारा. मान्य करणं न करणं त्यांच्याकडे, पण तुमची विनंती नोंदली जाईल.

तो मला बघेल का? खरं उत्तर असं, की काचेमागून पाहण्याची सोय सगळीकडे नसते. बऱ्याच ठिकाणी रांग समोर असते आणि ओळखलेल्याला बोट दाखवायला किंवा जवळ जाऊन हात लावायला सांगतात. हात लावायची भीती वाटत असेल तर आत जाण्याआधीच दंडाधिकाऱ्यांना सांगा, लांबून बोट दाखवलं किंवा डावीकडून कितवा ते सांगितलं तर चालेल का, म्हणून. तुमचं नाव-पत्ता रांगेसमोर मोठ्याने घेऊ नका असंही सांगा. नंतर खरोखर धमकी आली तर २०१८ पासून देशभर लागू झालेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करायचा असतो.

जावेबद्दल. तिला राग आहे, नुकसान तिचं झालंय, ती जे म्हणते त्यामागचं दुःख कळतं. तरीही परेड होईपर्यंत त्या मुलाच्या दिसण्याबद्दल एकमेकींशी बोलायचं नाही, असं आजच ठरवा. रिक्षात नाही, फाटकाबाहेर थांबताना नाही. २००३ मध्ये स्कॉटलंडमध्ये झालेल्या एका प्रयोगात जोडीतल्या दोघांना एकाच प्रसंगाचे वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले व्हिडिओ दाखवले आणि मग आपसांत बोलू दिलं. ७१ टक्क्यांनी नंतर निदान एक तरी अशी गोष्ट ‘पाहिली’ म्हणून सांगितली, जी फक्त जोडीदाराला दिसली होती. तुम्ही तर महिनाभर एका घरात बोलत आहात. झालं ते झालं, पण ‘आम्ही यावर बोललो आहोत’ हे विचारल्यावर लपवू नका. जावेला एवढंच सांगा, की मी न ओळखता परत आले तरी केस तिथे संपत नाही, आणि तुझ्या वाट्यांची ओळख जास्त पक्की आहे.

बाहेर आल्यावर ‘बरोबर होता का हो?’ असं हवालदारांना विचारू नका, आणि कुणी आपणहून सांगायला लागलं तर थांबवा. वेल्स आणि ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग केला. खरा माणूस नसलेल्या फोटोंतून सगळ्यांनी चुकीचीच निवड केली होती. त्यांतल्या काहींना ‘छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत’ असं म्हटलं. तेवढ्याने त्यांची खात्री वाढली. शिवाय आपण चेहरा जवळून पाहिला होता, नीट लक्ष दिलं होतं, असंही ते सांगू लागले. भूतकाळच बदलला. म्हणून घरी पोचल्यावर, कुणाशी बोलण्याआधी, दोन-चार ओळी लिहून तारीख-वेळ घाला. काय विचारलं, मी कोणत्या शब्दांत काय सांगितलं, किती वेळ लागला. नोंदीवर सही करण्याआधी ती वाचून घ्या, वाचायला दिली नाही तर वाचून दाखवायला सांगा.

पुढे केस उभी राहील तेव्हा तुम्हाला कोर्टात बोलावतील आणि आरोपीच्या पिंजऱ्यातल्या माणसाला ओळखायला सांगतील. परेड हा पूरक पुरावा आहे, मूळ पुरावा म्हणजे कोर्टातली ओळख, हे सर्वोच्च न्यायालयाने मलखानसिंग खटल्यात २००३ साली स्पष्ट केलंय. पण पिंजऱ्यात उभा असलेला माणूस एकच असतो, आणि तिथे त्याला कुणीही ओळखेल. म्हणून त्या दिवशी सरकारी वकिलांनी ‘हाच ना?’ विचारलं, तरी परेडीत जेवढी खात्री होती तेवढीच सांगा. परेडीत ‘बराचसा वाटतो’ म्हणाला असाल, तर कोर्टातही तेच म्हणा.